खुशालच्या मुलाची साक्ष

प्रभुभोजनाची, म्हणजे उपासनेत प्रभूच्या स्मरणार्थ भाकर वाटण्याची, पितळी थाळी कल्हईसाठी भंडाऱ्यास दिली होती. ती घेऊन रविवारी मी एस.टी.ने सानगडीस परतलो, तेव्हा भर दुपारी आभाळ काळवंडले होते आणि वीज गेली होती. आमची ख्रिस्ती मंडळी तलावाच्या पाळीलगत, पत्र्याच्या छपराखाली उपासना करते. मी तिचा ‘वडील’ आहे; मंडळीचा कारभार माझ्याकडे असतो. शाळा चौथीपर्यंतच झाली. परंतु शास्त्र मी स्वतः वाचून जाणले आहे. तेव्हा पुढील हकिकत भित्र्या माणसाची समजू नये.

त्या दिवशी निकेशची साक्ष होती. प्रभूला शरण येण्यापूर्वी आपण कसे होतो आणि नंतर कसे झालो, हे सर्वांसमक्ष उभे राहून सांगणे म्हणजे साक्ष. ती ऐकून जवाहरनगरचे दोन पाहुणे त्याला तिकडे उपदेशक नेमणार होते. केवळ माझी संमती बाकी होती.

त्याचा बाप खुशाल तलावात जाळे टाकून पोट भरी. गेल्या वर्षी तो वारला. तो स्वतः ख्रिस्ती झाला नाही. परंतु मुलाला अक्षर यावे म्हणून लहानपणी दर रविवारी त्याला सायकलीवर बसवून माझ्याकडे आणी. आत येत नसे. उंबऱ्याबाहेर दोनदा खाकरे, की आम्ही समजावे, निकेश आला. दारूच्या थेंबाला त्याने कधी स्पर्श केला नाही. सानगडीला हे ठाऊक होते. पाहुण्यांना नव्हते.

निकेश उभा राहिला. “माझा बाप पक्का दारुडा होता. जाळ्याच्या दोरीनं माझ्या मायले मारे.”

बाहेर कोणीतरी खाकरले. दोनदा.

स्त्रियांच्या सतरंजीवर त्याची आई धुरपता बसली होती. तिने डोक्यावर पदर ओढला आणि अंग चोरले. नवरा घरात आला की ती असेच करीत असे. मी दाराकडे पाहिले. तेथे कोणीही नव्हते. मात्र ओल्या जाळ्याचा आणि शेवाळाचा वास आत शिरला.

थाळी मांडण्याच्या निमित्ताने मी निकेशला कोपऱ्यात बोलावले. “आईबापांचा मान राखण्याची आज्ञा आहे. बाप मेला म्हणून ती सुटत नाही. कोणाचीही निंदा करून या भाकरीस हात लावणारा स्वतःवर शिक्षा ओढवून घेतो. शब्द मागे घे.”

तो हसला. “काकाजी, चांगल्या बापाच्या पोराची साक्ष कोन आयकते? बाप जेवढा वंगाळ, तेवढी साक्ष भारी. अन् मेलेला मानूस का दावा ठोकाले येनार हाय?”

“मी संमती देणार नाही.”

“तुमाले पुसते कोन? चार पुस्तकं वाचली, तं वकील झाले काय?”

तो पुन्हा पाहुण्यांसमोर जाऊन उभा राहिला. “बाप करनीपन करे. लोकायचे लेकरं खाल्ले त्यानं.”

खाकरणे पुन्हा ऐकू आले. या वेळी उंबऱ्याच्या आतून. दाराजवळच्या बायकांनी निमूटपणे सतरंजी गोळा करून वाट मोकळी केली.

“निकेश...” धुरपता कुजबुजली, “चूप ना रे बापा... ते आयकून राहिले...”

“माय, तू मधात बोलू नोको.”

त्याने थाळीतील भाकर उचलली आणि आशीर्वाद मागण्यासाठी तोंड उघडले. शब्द निघाला नाही. त्याच्या घशातून खाकरणे निघाले. दोनदा. तो पुन्हा प्रयत्न करू लागला... पुन्हा तेच. खुशालचे ते खाकरणे मी शेकडो वेळा ऐकले होते.

धुरपता उठली. पाण्याचा तांब्या तिने मुलाच्या पायांशी ठेवला. त्याच्या मुखाकडे न पाहता ती म्हणाली,

“आले का जी?... पाय धुवा.”

पाहुणे चहासाठीही थांबले नाहीत.

भंडाऱ्याच्या डॉक्टरांना त्याच्या घशात काहीही दोष आढळला नाही. निकेश तेव्हापासून बोलत नाही. घरात शिरताना तेवढे खाकरतो, आणि आई पदर ओढते. उद्धटाला योग्य ते मिळाले, असे मी मानीत होतो.

गेल्या आठवड्यात दिवेलागणीस मी त्यांच्याकडे गेलो. निकेश माझ्यासमोर बाजेवर बसला होता. ओठ घट्ट मिटलेले.

“बोलता येत नसेल, तर मान हलव,” मी म्हणालो. “बापाविषयी खोटे बोललास, हे कबूल आहे?”

त्याने माझ्याकडे द्वेषाने पाहिले आणि मान आडवी हलवली.

तेवढ्यात दाराबाहेर कोणीतरी खाकरले. दोनदा.

धुरपताने पदर ओढला. निकेश उठला आणि खाली जमिनीवर, भिंतीला टेकून बसला.

रिकाम्या बाजेची सुतळी कुरकुरली... आणि मधोमध खाली दबली.