मानेवरचं बेट

खानावळीतल्या पार्सलच्या रांगेत तिनं पुढच्या माणसाच्या मानेकडे टक लावून पाहिलं, मग आणखी थोडं वाकून पाहिलं. हे शोभत नाही, हे तिलाही कळत होतं. पण कॉलरच्या जरा वर एक तीळ होता... कडा वेड्यावाकड्या, एका बाजूला तपकिरी, दुसरीकडे काळाभोर.

"अहो... रागावणार नसाल तर — तुमच्या मानेवर एक तीळ आहे."

तो वळला. डोळ्यांत मिस्कील हसू. "ओळख काढायची ही तऱ्हा नवीन आहे हं!"

तिचे कान लालबुंद झाले. "तसं नाही हो! मी त्वचेच्या कर्करोगावर संशोधन करते. रंग तयार करणाऱ्या पेशी वर्षानुवर्षं गुण्यागोविंदानं राहतात आणि एक दिवस बिथरतात. का, ते शोधते. हा तीळ उद्याच्या उद्या दाखवा. घरी कुणाच्या लक्षात नाही आलं?"

"घरी आहे कोण?" तो सहज म्हणाला. "मला माझी मान दिसत नाही, आणि बघायला दुसरं कुणी नाही."

तिला नको तेव्हा स्वतःची रिकामी खोली आठवली.

तो शाळेत भूगोल शिकवायचा. मुलांना घेऊन भर उन्हात डोंगर पालथे घालायचा. तीळ काढून तपासायला गेला, आणि हा रोज दुपारी तिच्या प्रयोगशाळेत टपकू लागला. "रिपोर्ट आला का?" रिपोर्ट इस्पितळात येणार, इथे नव्हे, हे दोघांनाही माहीत होतं. ती मुकाट्यानं चहाचे दोन कप भरायची.

एरवी तिला सोबत काय ती काचेच्या बशीतल्या पेशींची. त्यांना रविवारीही खाऊ घालावं लागे. फोनवर वहिनी वैतागायची, "पेशींशीच लग्न लावून देऊ का तुझं?" ती हसण्यावारी न्यायची आणि फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ नुसतीच बसून राहायची.

एकदा तिनं केस वर बांधले, सूक्ष्मदर्शकात वाकून भिंग जुळवलं आणि त्याला पाहायला दिलं. "या पेशी रंग तयार करतात आणि शेजारच्या पेशींना वाटून टाकतात."

"स्वतःला काही ठेवतात की नाही?" त्यानं विचारलं, पण पाहत होता तिच्याकडे. ती आधीच स्वच्छ असलेली काच पुसत बसली.

दुसऱ्याच दिवशी त्याचा फोन आला. तीळ बिथरण्याच्या बेतात होता, पण वेळीच निघाला. आता भीती नाही. आनंदानं तिला रडू फुटलं. डोळे पुसता पुसता मात्र तिच्या लक्षात आलं, की आता त्याला यायला काही निमित्त उरलं नाही.

तो आलाच नाही. दुपार झाली की ती सवयीनं दोन कप भरायची आणि एक गार झाल्यावर ओतून द्यायची.

मग एका दुपारी तो दारात उभा! चेहरा ओढलेला.

"रागावणार नसाल तर... तुमच्या मानेवर एक तीळ आहे."

"माझेच शब्द मला ऐकवताय?"

"थट्टा नाही हो. त्या दिवशी तुम्ही केस वर बांधलेत, तेव्हा दिसला. तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. सांगावं तर तुम्ही घाबराल, न सांगावं तर..."

तिचा हात मानेवर गेला. एवढ्यांचे तीळ तिनं पाहिले, आणि हा तिला ठाऊकच नव्हता. सांगणार तरी कोण होतं? तिनं पाठ फिरवली, केस उचलून धरले.

"नीट बघा. कडा?"

"गोल. किनारा गुळगुळीत... नकाशात काढायला अगदी सोपं बेट."

"रंग?"

"एकच. मधासारखा."

"मग साधाच आहे. घाबरू नका." केस मात्र तिनं तसेच धरून ठेवले. "फक्त... महिन्यातून एकदा कुणीतरी बघायला हवा. मला दिसत नाही ना."

"महिन्यातून एकदा मला नाही जमायचं," तो म्हणाला. "मला रोज यायचंय. रिपोर्ट आला आणि माझं निमित्तच संपलं, म्हणून तोंड लपवून बसलो होतो. तुम्ही फार आवडता मला."

ती वळली. डोळे भरले होते, तरी हसत होती. टेबलावरचा दुसरा कप तिनं त्याच्यापुढे सरकवला.

"रोज भरून ठेवते," ती म्हणाली. "आज तरी प्या."