मागच्या खोलीतल्या मुलीची आई

दुपारचे चार वाजून दहा मिनिटं झाली होती. वेळ पक्की आठवते, कारण मी भिंतीवरच्या बंद घड्याळात नवा सेल घालून मोबाइल बघून काटे लावत होते, आणि दलाल मागून म्हणाला, "ताई, मुलीच्या चपला काढा बरं जरा."

माझं काम आधी सांगते. विकायला निघालेली घरं मी धुते, पुसते आणि मांडते. रिकामं घर कुणाला आवडत नाही. आवाज घुमतो, भिंतीवरून काढलेल्या फोटोंचे चौकोन दिसतात, आणि बघणाऱ्याच्या मनात येतं, आधीचे का गेले असतील? म्हणून असं मांडायचं की घरची माणसं आत्ता एवढ्यात बाहेर गेलीत. दांडीवर ओला टॉवेल. खुर्चीत उलटं ठेवलेलं पुस्तक, त्यावर चष्मा. आणि गिऱ्हाईक आलं की आपण दिसायचं नाही. कामवाली दिसली की सगळं खोटं पडतं. त्यांचं बघून होईतो मी जिन्याखालच्या कोठीत, दार लावून, श्वास रोखून.

मुलगी माझी साडेतीन वर्षांची. एका जागी ठरत नाही म्हणून आम्ही तिला भिंगरी म्हणतो. हे ट्रकवर, महिन्यातले पंचवीस दिवस बाहेर. सासूबाई थोरल्या दिरांकडे. मग मुलीला काय खुंटीला टांगून जाऊ? बरोबर न्यायची.

"तिच्या चपला कशाला?" मी विचारलं.

"मागच्या खोलीत ठेवायच्यात. लहान मुलाची खोली वाटली पाहिजे."

"मग नव्या आणा की दुकानातून."

"नव्या नकोत." तो माझ्याकडे बघत नव्हता. "घातलेल्या पाहिजेत... टाच झिजलेल्या."

मी दिल्या. मीच वाकून तिच्या पायातून काढल्या आणि दिल्या. अजून ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

ती मागची खोली मला सकाळपासून आवडली नव्हती. एवढीशी खिडकी, तीही शेजारच्या भिंतीवर उघडणारी. भर दुपारी दिवा लावावा लागत होता. चुन्याच्या ओल्या वासाखाली आणखी एक वास होता. झोपून उठलेल्या मुलाच्या मानेला येतो ना, उबट, थोडा आंबट, तसा. मला वाटलं आमच्या भिंगरीचाच. पण ती तर त्या खोलीत गेलीच नव्हती, उंबऱ्यापाशीच अडून बसायची. दारही सकाळपासून आपटत होतं. वारा म्हणाल तर पान हलत नव्हतं. मी वीट लावली, वीट सरकली. चपला पलंगाखाली ठेवल्या आणि दार जे थांबलं ते थांबलंच.

"बघा," दलाल हसला, "कसं शांत झालं घर!"

बोलण्यात साखर आणि मनात कात्री. पण तेव्हा मला कुठं कळत होतं!

साडेचारला बेल वाजली. मी घाईत बादली उचलली, दुसऱ्या हातानं मुलीचा हात धरला आणि कोठीत शिरले. दार ओढून घेतलं. आत काळोख, फिनेलचा वास, डोक्यावर जिन्याच्या पायऱ्या. बाहेर नवरा-बायको आले होते. बाईचा आवाज मोकळा होता, पुरुष सारखा नळ सोडून बघत होता.

"घरात लेकरू आहे, म्हणून जरा पसारा समजून घ्या हं," दलाल त्यांना म्हणाला. मेला! माझ्या लेकराच्या नावावर घर विकत होता.

भिंगरी एवढी गप्प कधी उभी राहत नाही. मला बरं वाटलं, म्हटलं शहाणी झाली माझी बाई. तिचा हात गार होता. घाबरली असेल म्हणून मी अंगठ्यानं तिची बोटं चोळत राहिले. एक पाऊल सरकून ती माझ्या मांडीला चिकटली.

मग मागच्या खोलीकडून त्या बाईचा आवाज आला.

"अगंबाई! ही छकुली इथं एकटीच झोपलीय की... उठली, उठली. घाबरू नको हं. आई कुठंय तुझी?"

आणि लगेच, झोपेतला, चिडका, माझ्या ओळखीचा आवाज.

"आई... पाणी."

माझी मुलगी. बाहेर.

माझ्या हातातला हात तसाच होता.

मी खाली बघितलं नाही. अंधारात दिसलंही नसतं, पण मी मानच वळवली नाही. हळूच बोटं सैल केली. ती छोटी बोटं माझ्या बोटांत आणखी रुतली.

"कोण... कोण गं तू?"

फक्त माझ्या कोपरावर श्वास. रडून रडून थकलेल्या मुलाचा असतो तसा, अडकत येणारा.

मी दारावर लाथ मारली. उजेड आत पडला. झाडू, बादली, पोचा. माझा डावा हात हवेत, मूठ वळलेली, मुठीत काही नाही.

मी धावत जाऊन भिंगरीला उचललं. तिचं अंग उबदार होतं, गालावर उशीचे वळ. गिऱ्हाईक बाई बघतच राहिली. दलाल पुढं झाला. "कामवाली आहे आमची. जरा डोक्यानं..."

"डोक्यानं मी धड आहे!" मी ओरडले. "या खोलीत कोण आहे ते सांगा यांना! माझ्या पोरीच्या चपला कशाला मागितल्या ते सांगा!"

ती दोघं पायात वहाणा अडकवता अडकवताच बाहेर पडली. मग तो माझ्यावर उखडला. महिनाभर गिऱ्हाईक टिकत नव्हतं, आज टिकलं होतं, मी घालवलं म्हणे.

"खरं बोला," मी म्हटलं. "तुम्हाला ठाऊक होतं."

तो रुमालानं मान पुसायला लागला. "तुमच्या आधीची कामवाली सांगायची, मूल रडतं म्हणून... ती यायची एकटी. मला वाटलं, तुमच्या कडेवर मूल आहे. मुलाला मूल दिसलं की..."

"की काय?"

"गप्प राहतं," तो म्हणाला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोच्याच्या काळ्या पाण्यानं भरलेली ती बादली मी कोठीतून ओढली आणि त्याच्या इस्त्रीच्या शर्टावर उपडी केली. आणखी दोन भरलेल्या असत्या तर त्याही केल्या असत्या. मग अनवाणी पोरीला कडेवर घेऊन थेट घर गाठलं.

संध्याकाळी तिचे पाय धुताना मी शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, "तू त्या खोलीत का गेलीस गं?"

"ताईनं बोलावलं."

"कुठल्या ताईनं?"

"पलंगाखालच्या. तिला आई नाहीये. म्हणाली, तुझी आई मला दे."

मी तांब्या खाली ठेवला. "मग... तू काय म्हणालीस?"

"दिली," ती म्हणाली. वाटून खेळावं, हट्ट करू नये, हे मीच शिकवलंय तिला. शाबासकीसाठी ती माझ्याकडे बघत होती.

"किती वेळ दिलीस?"

"तिची आई येईपर्यंत."

आता भिंगरी समोर खेळतेय, दोन्ही हातांनी डबे रचतेय. मी उजव्या हातानं हे लिहितेय. डावा हात मांडीवर आहे. तो मोकळा नाही.

तो दलाल आता माझा फोन उचलत नाही. त्या घराचे कागद त्याच्याजवळ, आधीच्यांची नावं त्याच्याजवळ. म्हणून तुम्हाला सांगते. दुमजली घर आहे, जिन्याखाली कोठी, मागच्या खोलीची खिडकी शेजारच्या भिंतीवर उघडते. तिथं कोण राहत होतं, कुणाची मुलगी होती, काहीही माहीत असेल तर त्या मुलीच्या आईला शोधा. कुठं असेल तिथं, जशी असेल तशी, तिला निरोप द्या. म्हणावं, तुझी पोर वाट बघतेय, येऊन घेऊन जा. माझीही एक आहे.