एका परातीतले हात

"सोने, भीमाला सोडू नगंस! घडीभर बी सोडू नगंस!" जीपच्या मागच्या फळीवरून आई ओरडली आणि जीप फुफाटा उडवत इंदापूरच्या वाटेला लागली.

आईच्या मांडीवर छकुली होती. पाच वर्षांची ही बया एरवी झोपेतसुद्धा बडबडायची. आज मात्र ती मान टाकून पडली होती. जुलाब-उलट्यांनी तिचा पार चोळामोळा झाला होता. डोळे खोल गेलेले, ओठ कोरडेठाक, आणि हाक मारली तरी ओ नाही. बाबा बारामतीच्या एमआयडीसीत दुधाच्या प्लँटवर कामाला होते. त्यांना निरोप गेला होता, ते मोटारसायकलवरून परस्पर दवाखान्यात पोचणार होते. घरी उरली सोनम आणि तिचं बोट धरून उभा राहिलेला भीमा, छकुलीच्या पाठचा भाऊ.

सोनम सातवीची परीक्षा देऊन मोकळी झाली होती. सुट्टीचे केवढे बेत होते तिचे! ते बेत गेले चुलीत. माळवस्तीच्या बालवाडीतलं एकेक पोर आजारी पडत होतं. आधी रंगूबाईचा नातू, मग सारजाची पोरगी, आता छकुली. भीमाही त्याच बालवाडीतला. पायात काटा मोडला म्हणून तो आठवडाभर घरी होता, एवढंच. आज तो लंगडत का होईना चालायला लागला होता, म्हणजे आता तोही बालवाडीत जाणार होता.

वस्तीचे कारभारी आप्पा पारावर उभे राहिले. टँकरचं पाणी कुणाला किती, मेंढरं कुठल्या रानात न्यायची, रुसलेल्या सोयऱ्याला कुणी समजवायचं, सगळा निवाडा त्यांच्याकडे. आप्पा बोलले की वस्ती हलायची.

"बिरोबा रुसलाय," आप्पा म्हणाले. "उद्या समद्या लेकरांना देवळापुढं दहीभात घालू. बालवाडीतलं एक बी पोर घरी ऱ्हायलं न्हाय पायजे. हात मी सोता धुणार त्यांचं."

लिंबाखाली तिघांची बैठक बसली. सोनम, आप्पांचा नातू नागेश, आणि नागेशचा बारामतीहून सुट्टीला आलेला आतेभाऊ यशराज. यशराजच्या पँटला सहा खिसे होते, आणि खिशांइतकीच त्याची मतं होती.

"टँकरच्या पाण्यातच गडबड आहे," यशराज म्हणाला. "आमच्याकडे उकळून पितात."

"मग समदी वस्ती आडवी झाली असती," नागेश म्हणाला. "तू बी. काल तांब्याभर ढोसलंस की."

"आन् भीमा छकुलीच्याच तांब्यातनं पितो," सोनम म्हणाली. "त्याला कायबी न्हाय."

"मग बालवाडीची खिचडी!"

नागेशनं कान खाजवला. "खिचडी न्हाय. पातेल्याची खरवड रोज मीच खातो."

"चोरून?"

"बालवाडीच्या कौसल्याबाई देत्यात. पातेलं घासायचं निम्मं काम वाचतं त्यांचं."

म्हणजे पाणी नाही, खिचडीही नाही. मग त्या चिमुरड्यांच्या पोटात जातंय तरी काय? बघितल्याशिवाय कळायचं नाही. तिघं भीमाला घेऊन बालवाडीकडे निघाले. वाटेत सोनमनं बिरोबापुढे छकुलीसाठी हात जोडले. तेवढ्यात भीमानं देवापुढच्या ताटातला हळदीचा भंडारा मूठभर उचलला आणि अंगभर फासून घेतला.

बालवाडीत पोरं रांगेत बसली होती. शेजारी अॅल्युमिनियमची मोठी परात, तीत पाणी. पहिल्या पोरानं परातीत हात बुचकळले, सदऱ्याला पुसले आणि ताटलीपुढे बसलं. मग दुसऱ्यानं, तिसऱ्यानं. पाणी तेच. भीमा सोनमचा हात सोडवून मध्येच घुसला आणि त्यानंही हात बुडवले.

"पानी कसं पुरवायचं ते आमच्या आप्पांकडनं शिकावं," कौसल्याबाई कौतुकानं म्हणाल्या. "एका परातीत समद्यांचं हात. उरलेलं कोकरांना. थेंब वाया जात न्हाय."

रांगेच्या शेवटाला चिमुरडी सृष्टी बसली होती. तिनं ताटली धरली तेव्हा सोनमचं लक्ष तिच्या तळहातांकडे गेलं. ते पिवळे होते!

"सृष्टी, तू बिरोबाला गेलतीस?"

"न्हाय. मी आत्ता झोपून उठले."

सोनमनं तिच्या शेजारच्या पोराचे हात उलटून बघितले. पिवळे. त्याच्या शेजारच्याचेही. भीमाच्या आधी धुतलेल्यांचे मात्र स्वच्छ दिसत होते. तिनं झडप घालून भीमाची ताटली ओढली.

"नाग्या, तू खरवड खायच्या आधी हात कुठं धुतोस?"

"धुतो कुठं?" नागेश निरागसपणे म्हणाला.

यशराज खो खो हसला. "धूत नाही म्हणून वाचला! आणि धुणारे आजारी!"

सोनमला हसू आलं नाही. भीमाच्या हातचा भंडारा सृष्टीच्या हाताला लागला होता. मग जी पोरं बाभळीमागं परसाकडं जाऊन आली, त्यांच्या हातचं काय? तेही फिरत होतं, फक्त दिसत नव्हतं. छकुली कायम रांगेच्या शेवटी बसायची.

सोनम धावत आप्पांकडे गेली. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं, पण कपाळाला आठी घालून.

"माझ्या आज्यापासनं आमी एका परातीत हात धुतोय. कोण मेलं? चार बुकं शिकलीस म्हणून देवाच्या कामात आडवी येऊ नगंस, पोरी."

"पर आप्पा, छकुली..."

"छकुलीसाठीच करतोय न्हवं? जा, भीमाला घिऊन ये उद्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी जीपवाला दादासो परत आला. सोनम वाटेतच त्याला आडवी गेली.

"सलाईन लावलंय," दादासो तिच्याकडे न बघता म्हणाला. "शीर घावत नव्हती लवकर. अजून डोळं उघडलं न्हाईत तिनं."

सोनम तिथंच मातीत बसली. छकुली मेली तर? हा विचार तिनं कालपासून दाराबाहेर उभा केला होता, तो आता आत येऊन बसला. आणि देवळापुढे त्याच परातीत पाणी ओतलं जात होतं. आज आणखी किती पोरांची पाळी होती कुणास ठाऊक.

"रडून काय होणार?" यशराज म्हणाला खरा, पण त्याचाही आवाज चिरका झाला होता. "आप्पांना ऐकून पटत नाही. डोळ्यांनी दाखवू. भीमाला रांगेत पहिला उभा करू, हाताला भरपूर भंडारा लावू. सगळ्यांचे हात पिवळे झाले की कळेल त्यांना."

"आन् कुणी घास घ्यायच्या आत आपण ओरडायचं," नागेश म्हणाला.

दुसरं काही सुचत नव्हतं. सोनमनं मान हलवली.

देवळापुढे पत्रावळी मांडल्या. पोरांची रांग लागली. नागेश भंडारा आणायला गाभाऱ्याकडे गेला आणि सोनम पत्रावळींवरच्या माश्या हाकलायला वाकली. भीमाचा हात सुटला. तेवढ्यानंच घात केला. तिनं मान वर केली, तर भीमा बाभळीमागून चड्डी सावरत येत होता. तो थेट रांगेच्या तोंडाशी गेला, सांगितल्याप्रमाणे शहाण्यासारखा! नागेशला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यानं चटकन भीमाचे तळवे भंडाऱ्यानं माखले, आणि सोनम पत्रावळी ओलांडून पोचेपर्यंत आप्पांनी ते हात परातीत बुडवलेसुद्धा.

पाणी पिवळं झालं. एकामागून एक हात बुडत गेले आणि पिवळे होऊन बाहेर आले. आता आप्पा थांबतील, असं तिघांना वाटलं. आप्पांनी काय करावं? त्यांनी परातीपुढे हात जोडले!

"देव पावला रं! परातीत भंडारा उतरला!"

बाया पुढे सरसावल्या. कुणी ते पाणी डोळ्यांना लावलं, कुणी लेकराच्या डोक्यावर शिंपडलं. दहीभात वाढला गेला.

"मेलो," यशराज पुटपुटला. "सगळं उलटंच झालं."

आता ओरडून कोण ऐकणार? सोनमला क्षणभर पळून जावंसं वाटलं. पण सृष्टीचा हात भाताकडे गेला होता. सोनम आप्पांच्या समोर जाऊन उभी राहिली.

"आप्पा, पयला घास तुमी घ्या. मानाचा. तंवर कुनी खायाचं न्हाय."

आप्पांना ते आवडलं. "पोरगी वळणाला आली," ते म्हणाले. "थांबा रं पोरांनो." त्यांनी श्रद्धेनं दोन्ही हात परातीत बुडवले, मांडी घातली, दहीभाताचा घास केला आणि तोंडाकडे नेला.

"आप्पा, भीमा आत्ताच परसाकडनं आलाय," सोनम म्हणाली. "हात न धुता. त्याचाच हात परातीत पयला बुडला."

आप्पांचा हात हवेतच थांबला.

"भंडारा आमीच लावला त्याच्या हाताला. तो दिसला म्हणून तुमी नमस्कार केला. त्याच्यासंगं दुसरं काय आलंय, ते दिसत न्हाय आप्पा. तसंच माझ्या छकुलीच्या हाताला लागलं, आन् तिनं खाल्लं." तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही तिला भान नव्हतं. "खावा तुमी. तुमी खाल्लं तर मी भीमाला खाऊ देते."

आप्पांनी घासाकडे बघितलं, मग पिवळ्या तळहाताकडे, मग रांगेत बसलेल्या पोरांकडे. घास पत्रावळीवर पडला.

"एक बी पोर भाताला हात लावू नगा," ते म्हणाले. "कौसल्याबाई, साबण आना. जेवढं लागंल तेवढं पानी आना."

मग यशराजचे सहा खिसे कामाला आले. एकातून खिळा निघाला. त्यानं डालड्याच्या रिकाम्या डब्याला बुडाशी भोक पाडलं, त्यात बाभळीची काडी खुपसली आणि डबा लिंबाला टांगला. काडी काढली की बारीक धार, घातली की बंद. वापरलेलं पाणी खालच्या खड्ड्यात.

पोरं मात्र काही केल्या नीट हात चोळेनात. पाण्याला बोट लावलं की पळ! सोनमनं ओळखलं, हा खेळ केल्याशिवाय जमणार नाही. तिनं प्रत्येकाच्या हाताला गोडं तेल आणि भंडारा चोळला.

"बघा हं. आधी तळवा तळव्याला भेटला. मग पाठीवरनं हात फिरवला. बोटं बोटांच्या घरात पाव्हणी गेली. अंगठा एकटाच ऱ्हायला, रुसला! त्याची समजूत काढा. आन् नखं तळव्यावर खाजवा. धुऊन झाल्यावर पांढऱ्या फडक्यावर हात दाबायचा. डाग उठला तर परत जायचं."

"पांढरं फडकं कुठनं आनायचं?" नागेशनं विचारलं.

आप्पांनी डोक्यावरचा पटका उतरवला. धुवट, पांढराशुभ्र पटका, ज्याला कधी कुणी हात लावला नव्हता. त्यांनी तो उलगडून दोन्ही हातांनी ताणून धरला.

"हितं दाबा," ते म्हणाले.

भीमा दोनदा परत गेला. सृष्टीनं तर अंगठ्याची एवढी समजूत काढली की साबणाचा फेस कोपरापर्यंत आला. पोरं खिदळत होती, रांगेत पुन्हा पुन्हा घुसत होती. भात नव्यानं शिजला तेव्हा कुठं त्यांची पोटं भरली. पाणी परातीपेक्षा हंडाभर जास्त लागलं. त्या हंड्यासाठी आप्पांनी आपल्या मेंढरांच्या वाट्यातलं पाणी दिलं.

छकुलीनं त्याच संध्याकाळी डोळे उघडले, पण तो निरोप यायला दुसऱ्या दिवसाची दुपार झाली. डॉक्टरांनी बाबांना सांगितलं होतं, आणखी थोडा उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं.

त्यानंतर बालवाडीतलं एकही पोर आजारी पडलं नाही. पारावर आप्पांनी सगळ्यांसमोर तिघांना उभं केलं.

"देवानं भंडारा दावला, ते खरंच हाय," ते म्हणाले. "मी उलटं वाचलं. ह्या पोरांनी सुलटं वाचलं. उद्यापासनं बालवाडीत हात धुवायची शिस्त ही तिघं लावतील, आन् पयला नंबर माझा."

छकुली परत आली ती बाबांच्या कडेवरून. नुसती हाडं राहिली होती. पण सगळी पोरं लिंबाखाली हात धुताना बघून तिला राहवेना. तिला उभं राहता येत नव्हतं, म्हणून सोनमनं तिला मांडीवर घेतलं आणि पांढरं फडकं तिच्या हातात दिलं. आज तपासायचं काम तिचं!

रांगेत पहिले आप्पा होते. त्यांनी वाकून दोन्ही तळवे फडक्यावर दाबले. छकुलीनं फडकं डोळ्यांजवळ नेऊन निरखलं, मग आप्पांची बोटं एकेक करून बघितली.

"आप्पा, नखं ऱ्हायली," ती क्षीण आवाजात म्हणाली. "परत जावा."

उभ्या वस्तीत आप्पांना परत पाठवणारं कुणी नव्हतं. आप्पांनी छकुलीच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि मुकाट्यानं रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले.