ओठांमागची बाई

दुपारी तीनचा प्रयोग, म्हणून नाम यून-ओकबाई एक वाजताच नाटकगृहावर पोचल्या. सोलच्या देहांगनो भागातली नाटकगृहं बहुतेक तळघरात. अठ्ठावीस पायऱ्या उतरायच्या, त्याही एकोणऐंशी वर्षांच्या गुडघ्यांनी. पण बाईंनी कुणाला हात धरू दिला नाही. साठ वर्षं पडद्यावर नि रंगमंचावर काढलेली बाई ती. एकदा हात धरून उतरली की संध्याकाळपर्यंत गावभर होतं, 'म्हातारी थकली हो!'

खाली मेकअपच्या खोलीत जोंग-इम ओमिजाच्या आंबट फळांचा गरम चहा घेऊन उभीच होती.

"बाई, दोन घोट घ्या. घशाला बरं वाटेल."

"ठेव तिथं."

ती वळली आणि बाईंनी चहा मोरीत ओतला. उगाच नाही. जोंग-इम पन्नाशीची, गुणी, आणि बाईंची भूमिका तिला अक्षरन् अक्षर पाठ. गेल्या आठवड्यात बाई दुसऱ्या अंकात दोनदा अडल्या, तेव्हा दिग्दर्शक मूनने मान खाली घालून सांगितलं होतं, "बाई, कानात छोटा इअरफोन घाला. जोंग-इम मागच्या ध्वनीच्या केबिनमधून वाक्यं सांगेल. पण पुढच्या प्रयोगात पुन्हा अडलात तर... दुसऱ्या दिवसापासून तिलाच उभं करावं लागेल."

घ्या! मांजरालाच दुधाची राखण! ऐन वेळी चुकीचं वाक्य कानात सोडलं की हिचं काम झालं. बाईंनी हा संशय कुणाला बोलून दाखवला नाही, पण चार रात्री त्यांचा डोळा लागला नव्हता.

भूमिका जाण्याचं दुःख होतंच. खरं दुखणं मात्र जुनं होतं. बाईंच्या तरुणपणी सिनेमा मुकाच चित्रित व्हायचा. मागाहून स्टुडिओच्या अंधारात आवाजाच्या बायका पडद्यावरचे ओठ बघत संवाद म्हणायच्या. बाईंच्या एक्केचाळीस सिनेमांना एकीचाच गळा होता, छे बोक-हुईचा. लोक ज्या आवाजावर जीव ओवाळून टाकायचे, तो बाईंचा नव्हताच मुळी. बोक-हुईने एकदा, एकदाच विनवलं होतं, "ताई, नावांच्या पाटीत माझंही येऊ दे ना." निर्मात्याने बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, "कशाला? लोकांचा विरस होईल." झालं, विषय मिटला. गेल्या हिवाळ्यात बोक-हुई वारली. बाई मयतालाही गेल्या नाहीत.

पुढं बाई नाटकात आल्या त्या एका हट्टाने, की इथं तरी गळा माझा! घोगरा असेल, चिरका असेल, पण माझा. तेवढं एकच त्यांचं स्वतःचं होतं, आणि ते राहणार की जाणार, हे आज ठरायचं होतं.

पहिला अंक बिनबोभाट गेला. दुसऱ्या अंकात म्हातारी आई समुद्रात बुडालेल्या लेकीसाठी ताट वाढून बसते. बाईंनी झाकण उचललं आणि पुढचा शब्द गेला. पार गेला. पहिल्या रांगेत कुणीतरी खोकलं.

"पोरी, भात निवतोय गं..." कानात हलकेच आलं.

बाईंनी तेच म्हटलं. पुढचं वाक्य आलं, तेही म्हटलं. बरोबर होती की वाक्यं! पण आवाज... जोंग-इमचा आवाज कोरडा, खणखणीत. हा ओलसर, कोवळा, वाक्याच्या शेवटी जरासा थरथरणारा. आणि कुठूनसा दोराजीच्या मुळीचा कडवट वास येऊ लागला. आवाजाच्या बायका घसा सांभाळायला चघळायच्या तीच मुळी.

'अस्सं! जुने सिनेमे ऐकून बोक-हुईची नक्कल करतेय भवानी. मला घाबरवून पाडायचंय हिला.' बाई संतापल्या. त्यांनी मान वळवून केबिनच्या काचेकडे पाहिलं. आत जोंग-इम दोन्ही हात हलवून नाही नाही म्हणत होती, आणि एकजण खाली वाकून तारा उपसत होता.

सोंग नुसतं! बाईंनी केस सावरल्यासारखं करून इअरफोन काढला आणि मुठीत दाबला. आता बोल म्हणावं.

"ये ना, किती वाट बघू..."

आता तो कानात नव्हता. दातांच्या मागे होता. बाईंनी श्वास घ्यायच्या आत वाक्य त्यांच्याच तोंडातून बाहेर पडलं होतं, आणि समोरच्या अंधारात कुणीतरी हुंदका दिला.

नको, नको गं बाई... मला अडू दे. पडू दे मला सगळ्यांसमोर, पण माझ्या गळ्यानं! बाईंनी दात आवळले. ते आवळलेले राहिले नाहीत. अंक संपेपर्यंत वाक्यामागून वाक्य येत राहिलं, स्वच्छ, न चुकता, आणि बाईंचे ओठ त्यामागे धावत राहिले.

टाळ्या थांबेनात. जोंग-इम रडत खोलीत आली. "बाई, माफ करा मला! यंत्र पहिल्या अंकातच बंद पडलं. एक शब्द पोचवता आला नाही हो... आणि तुम्ही कुठंच अडला नाहीत!" तिच्या डोळ्यांत कपट शोधून बाई थकल्या. नव्हतंच तिथं काही.

मग संत्र्यांची पिशवी घेऊन एक वृद्ध बाई दारात आली. "तुमचे सगळे सिनेमे पाहिलेत मी, एक सोडला नाही. नाटकात तुमचा गळा परका वाटायचा, म्हटलं वय झालं. आज मात्र तोच आवाज! डोळ्यांत पाणीच आलं बघा. तुमचाच ना तो?"

यून-ओकबाईंचा जीव गलबलला. साठ वर्षांत पहिल्यांदा त्यांना खरं सांगावंसं वाटलं. माझा नव्हे हो, तिचं नाव बोक-हुई. सगळं बळ एकवटून त्यांनी तोंड उघडलं.

"हो, माझाच," आवाज गोड हसून म्हणाला.

म्हातारी समाधानाने गेली. खोलीत आता काही आवाज नव्हता. समोरच्या आरशात बाईंचे ओठ मात्र अजून हलत होते, आणि पुन्हा पुन्हा त्याच एका नावाशी येऊन मिटत होते.