लेमचं फावडं

कॅलिफोर्नियातल्या त्या नदीकाठी दुपारचं ऊन चांगलं पडलं होतं, म्हणून एझ्रा टटलने आपली फोटोची घोडागाडी पाइकच्या खड्ड्याजवळ उभी केली. सोनं खणणाऱ्यांचे फोटो काढून त्याचं पोट भरे, पण त्या माणसांची त्याला शिसारी येई. महिनोन्‌महिने आंघोळ नाही, खायला किडकं पीठ, आणि ऐट मात्र राजाची! हायरम पाइक तर त्यातला अर्क होता.

“मी एकटाच राबतोय असं दिसू द्या,” पाइक म्हणाला. “संध्याकाळी पंचांना दाखवायचंय. माझा भागीदार लेम खड्डा सोडून घरी गेला. आता खड्डा माझा.”

त्या छावणीचा कायदा एवढाच: ज्याचं फावडं खड्ड्यात उभं, त्याचा खड्डा.

“आणि घरी जाताना फावडंही घेऊन गेला? हौशीच म्हणायचा!” एझ्राने टोमणा मारला.

“तुम्ही फोटो काढा. शहाणपणा नको.”

“मग ठोंब्यासारखा उभा राहा. तेवढं तर जमेल तुला. हललास की धूसर येशील.”

गाडीच्या काळोखात एझ्राने फोटोच्या चांदी चढवलेल्या पत्र्याला पाऱ्याचा वाफारा दिला, तसं त्यावर चित्र उमटू लागलं. लेकाचा हललाच होता. पाइकच्या तोंडाजागी नुसता डाग. पण त्याच्या मागे आणखी एक जण होता, फावड्याच्या दांड्यावर मूठ आवळून. शर्टाची बटणंसुद्धा लख्ख दिसत होती. इतका वेळ इतकं निश्चल जिवंत माणसाला राहता येत नाही.

“पाइक... हा कोण?”

पाइक पाहतच राहिला. “लेम... पण त्याला तर मी... फावड्यासकट... नदीत...”

एझ्राला भीतीआधी किळस आली. “मातीच्या एका भोकासाठी? थू!”

पाइकने पत्रा हिसकावून बाहीने खसाखसा पुसला. असं चित्र नुसत्या बोटानेही पुसलं जातं. नदी गेली, डोंगर गेला, पाइकही गेला. लेम तसाच राहिला.

दोघे बाहेर आले. खड्ड्यात लेमचं फावडं उभं होतं, नदीच्या पाण्याने निथळत. पाइकने खाली उडी मारून ते दोन्ही हातांनी उपटायला पाहिलं. ते तसूभर हललं नाही. तो रडायला लागला.

संध्याकाळी पंच आले, फावडं पाहून म्हणाले, “खड्डा लेमचा,” आणि जेवायला गेले. दांड्यावरून अजून पाणी ठिबकत होतं. फक्त वरची मुठीएवढी जागा कोरडी होती.