हरवलेला ‘नको’

त्या वादळाने दीपगृहाशेजारचा मोबाइल टॉवर उचलून पलीकडच्या बेटावर नेऊन ठेवला. तिथल्या खेकड्यांना उत्तम रेंज मिळू लागली म्हणे. इकडे वेणूच्या हाताशी मात्र आबांचा हॅम रेडिओ (हौशी लोकांचं बिनतारी संभाषणयंत्र) तेवढा उरला.

वेणूची आई शेवाळशेतीच्या बोटीतून परतत होती. खाडीच्या दक्षिण तोंडाशी तुटका तराफा आडवा पडला होता आणि अर्ध्या तासात बोट तिथे पोचणार होती.

वेणूने बटण दाबलं. “आई, दक्षिणेकडून येऊ नको.”

“दक्षिणेकडून येऊ?” खरखरत उत्तर आलं. “बरं, येते.”

‘नको’ गेला कुठे?

तिने पुन्हा सांगितलं. रेडिओवरचा दिवा मंदावला, अॅम्प्लिफायर (रेडिओलहर बळकट करणारी पेटी) खट्‌ करून बंद पडला. ‘नको’ पुन्हा गडप.

“टेकडीखालच्या जनित्राला कुठे जोडलंस?” पेटीकडे वाकून बघत आबांनी विचारलं.

“एकशे पंधरा व्होल्टला. कमी दाब म्हणजे कमी धोका ना?”

“अगं, पेटीला अकराशे पन्नास वॅट लागतात. एकशे पंधराने दहा अँपिअर प्रवाह ओढावा लागतो, दोनशे तीसने पाचच. आपल्या लांब वायरीचा रोध (विजेला होणारा अडथळा) आहे दोन ओहम. दहा दुणे वीस व्होल्ट वाटेतच खर्ची. तू बोललीस की पेटी हपापते, दाब पडतो, आणि शेवटच्या शब्दाला ती मान टाकते.”

“पाच अँपिअरला दहाच व्होल्ट जातील,” वेणू पुटपुटली. “तेही दोनशे तीसातले.”

“शहाणी. ठोकळ्या, दाब दुप्पट.”

ठोकळ्या यंत्रमानवाने दोन्ही हातांनी बटण दाबलं.

“विजेचा दाब, गाढवा. थांब, क्रम चुकला तर पेटीतून धूर बोलेल. आधी पेटी बंद. मग तिचा खटका दोनशे तीसवर. मग खाली जाऊन प्लग बदल.”

ठोकळ्या टेकडी उतरेपर्यंत वेणूने घड्याळाकडे बघायचं टाळलं. पाहिलं तेव्हा सहाच मिनिटं उरली होती. अखेर पेटी गुणगुणली. दिवा मंदावला नाही. तरी या खेपेला वेणूने शेवटच्या शब्दावर भरवसा ठेवला नाही.

“नको, आई. नको. दक्षिणेकडून नको. उत्तरेकडून ये.”

नुसती खरखर. मग, “किती गं नको? येते उत्तरेकडून.”

उत्तरेच्या खडकामागून निळी बोट दिसली, तेव्हा कुठे वेणू रेडिओपासून उठली.

“आबा, वायर जाड घेतली तर रोधही घटेल?”

“घटेल की. मग पलीकडच्या खेकड्यांनाही विचारू, टॉवर कधी परत करताय.”