थांबल्यावरचा आरसा

डिसेंबर असला तरी मानपाडा रोडवर सकाळी कुणाला थंडी वाजत नाही, कारण प्रत्येकाच्या पायाशी दुसऱ्याचा सायलेन्सर असतो. त्या गर्दीत एक जुनी काळी मोटारसायकल आजूबाजूला न बघता डावीकडे सरकली आणि कल्पिता भोईरची स्कूटर थेट गटाराच्या कडेला जाऊन टेकली.

कल्पिता पडली नाही. पण गप्प बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. पुढच्या चौकात तिने त्या गाडीला गाठलं आणि हेल्मेटची काच वर केली.

"ओ साहेब! आरसे काय दाढी करायला लावलेत?"

"सॉरी, सॉरी... खरंच दिसला नाहीत तुम्ही."

"एवढी मोठी बाई दिसत नाही?"

"दिसली असती तर..." तो अडखळला. "म्हणजे, दिसला असतात तर मी थांबलोच असतो."

भांडायला आलेल्या माणसाला एवढं गोड उत्तर मिळालं की पंचाईत होते. कल्पिताने राग टिकवण्यासाठी नजर गाडीकडे वळवली. उजवा आरसा जुना, गोल, बशीएवढा. आणि डावा? तो चक्क आत वळलेला होता. त्यात रस्ता नव्हताच, होती फक्त मागची रिकामी सीट.

"तुमच्या डाव्या आरशात कोण राहतं हो?"

"कुणी नाही," तो हसत म्हणाला, आणि हसू मध्येच विझलं.

"मग बदलून घ्या. माझं दुकान आहे इथेच पुढे. कल्पिता ऑटो. नाही आलात तर पुढच्या वेळी मी गटारात जाणार नाही, तुम्हाला घालीन."

असं गिऱ्हाईक बोलावणारी दुकानदारीण डोंबिवलीत दुसरी नसेल.

दुकान म्हणजे 'देवराम निवास' इमारतीचा रस्त्यावरचा गाळा. इमारत जिथे उभी आहे तिथे भोईरांची भाताची शेतं होती. लहानपणी कल्पिता बांधावरून बापासाठी भाकरी घेऊन जायची. आता जिथे रिक्षा लागतात तिथे विहीर होती, आणि अजूनही त्या जागेवरून जाताना तिचे पाय नकळत जरा बाजूला वळायचे. जमीन गेली, फ्लॅट आले. चुलतभाऊ विकीने मोठी गाडी घेतली, कल्पिताने बापाकडे फक्त हा गाळा मागितला. "पोरगी नट-बोल्ट आवळणार?" म्हणून भावकी हसली. हसू दे. आरसे विकणं तिला मनापासून आवडायचं. कितीही घाईतला माणूस असला तरी नवा आरसा हातात घेतला की आधी स्वतःकडे बघून केस सारखे करतो, आणि तेवढ्या क्षणापुरता तो लहान मुलासारखा दिसतो.

शनिवारी दुपारी काळी मोटारसायकल दुकानासमोर येऊन थांबली.

त्याचं नाव सलिल लिमये. टिळकनगरात शाळेच्या मागे राहायचा. गाडी वडिलांची. ते गेल्यापासून ती बिल्डिंगखाली ताडपत्रीखाली उभी होती. गेल्या महिन्यात ऑफिस घोडबंदर रोडला हललं, तेव्हा त्याने ताडपत्री काढली.

"बसा गाडीवर," कल्पिता म्हणाली. "समोर बघायचं, मान वळवायची नाही. मी मागून चालत येते. उजव्या आरशात दिसत असेन तोवर सांगत राहायचं."

ती रस्त्याच्या कडेने सावकाश पुढे येऊ लागली.

"दिसताय... दिसताय... दिसतेस..." त्याचा कान लाल झाला. "गेलीस."

"मी कुठे गेले? मी ही काय, हात लांब केला तर तुमच्या कानाला लागेल." तिने खरंच हात लांब केला, पण कानापर्यंत नेला नाही. "हा तुमचा ब्लाइंड स्पॉट. माणूस अगदी जवळ येतो तेव्हाच दिसेनासा होतो."

"हे फक्त गाडीचंच असतं का?"

"मी फक्त गाडीचं दुरुस्त करते."

दोघंही हसले. समोरच्या वडापाववाल्याने तेल तापायची वाट बघत हा सगळा कार्यक्रम फुकटात पाहून घेतला.

कल्पिताने उजवा आरसा काढला आणि लांब दांडीचा, रुंद, किंचित फुगीर काचेचा नवा बसवला. "यात जास्त दिसतं. पण मागचा ट्रक असतो त्याहून लांब वाटतो. फसायचं नाही, अधूनमधून मान वळवून बघायचं." सलिल पुन्हा बसला, ती पुन्हा चालत आली. या खेपेला ती त्याच्या खांद्यापाशी येईपर्यंत तो "दिसतेस" म्हणत राहिला. खरं तर शेवटी शेवटी ती आरशात नव्हतीच. तो सरळ तिच्याकडेच बघत होता.

"आता डावा," ती म्हणाली.

"तो राहू दे."

पण तिचं लक्ष कुठे होतं! आरसेवाल्याचा हात फार वाईट. वाकडा आरसा दिसला की तो आपोआप सरळ करतो. तिच्या घरी आलेल्या पाहुण्यांच्या गाड्या परत जाताना आरसे सुधारून जायच्या. तिने बोलता बोलता डावा आरसा धरला आणि बाहेर वळवला. जुन्या गंजलेल्या सांध्याने करकर असा आवाज केला.

सलिल एकदम गाडीवरून उतरला.

"काय केलंत हे?"

"अहो, तो आत—"

"बाबांनी लावला होता तो. त्यांचा हात शेवटचा लागला होता त्याला. ताडपत्री घालतानासुद्धा मी..." त्याने आरसा पुन्हा आत वळवून पाहिला. थोडा जास्त, थोडा कमी. मग सोडून दिला. "नेमका कसा होता ते आता मलाही आठवत नाहीये."

तो रागावून ओरडला असता तर कल्पिताने चार शब्द सुनावले असते. तो ओरडला नाही. नव्या आरशाचे पैसे काउंटरवर ठेवून, हेल्मेट घालून निघून गेला. काढलेला उजवा आरसा दुकानातच राहिला.

पुढचे काही दिवस कल्पिताचं कशात लक्ष लागेना. तो जुना आरसा तिने पुसून ठेवला, परत पुसला. एखाद्याच्या बापाची शेवटची खूण आपल्या हाताने पुसली गेली, हे तिला जेवताना घास गिळू देईना. विहीर बुजवली त्या दिवशी तिचा बाप देवराम असाच न जेवता उठला होता, ते तिला आठवलं. आणि दुसरी गोष्ट तिने स्वतःशीही कबूल केली नव्हती, ती म्हणजे काळ्या गाडीचा आवाज आला की तिची मान वळत होती.

"काय गो बाय," देवराम दुकानाच्या पायरीवर बसत म्हणाला, "आरसं इकतंस का आरशान बघत बसतंस?"

"बाबा, गिऱ्हाईकाचा आरसा राहिलाय."

"मंग देऊन ये. त्यान काय लाजाचं?"

बापाला सगळं कळतं, फक्त बाप तसं दाखवत नाही.

रविवारी सकाळी तो जुना आरसा घेऊन ती टिळकनगरात गेली. शाळेच्या मागे काळी मोटारसायकल भिंतीला टेकून उभी होती, त्यामुळे घर विचारावं लागलं नाही. दार उघडलं ते सलिलच्या आईने. मंदाकिनीबाई म्हणजे सडपातळ, पांढऱ्या केसांच्या, डोळ्यांत मिश्कील चमक असलेल्या.

"सलिल दूध आणायला गेलाय. तू ये ना आत. कॉफी घेशील?"

कॉफीचा कप हातात येताच कल्पिताने सगळं सांगून टाकलं. "काकू, माझी चूक झाली. काकांनी लावलेला आरसा मी फिरवला. तो आत वळलेला होता, मागच्या सीटकडे. मला वाटलं बिघडलाय."

मंदाकिनीबाईंनी कप खाली ठेवला.

"आत वळलेला? माझ्याकडे?"

"हो."

आणि त्या हसायला लागल्या. हसता हसता डोळे भरून आले, पदराने पुसले, पुन्हा हसल्या.

"अगं, त्या वेळी डोंबिवलीत सिग्नल कुठे होते! नाटकाला हे मला ठाण्यालाच न्यायचे. इथे नाट्यगृह झालं तरी ठाण्याला. मी विचारलं, का हो? तर म्हणाले, तीन हात नाक्याला सिग्नल आहे. मला काही अर्थबोध होईना. मग एकदा सिग्नलला गाडी थांबली, यांनी डावा आरसा आत वळवला आणि त्यात माझ्याकडे बघत बसले. लाल दिवा असेपर्यंत. हिरवा झाला की आरसा बाहेर, नजर रस्त्यावर."

"म्हणजे चालवताना..."

"चालवताना माझ्याकडे बघत बसले असते तर मी एवढी वर्षं जगले असते का?"

दारात दुधाची पिशवी घेऊन सलिल उभा होता. कधीपासून, ते कुणालाच कळलं नव्हतं.

"आई, पण आरसा तर कायम आत होता."

"त्या शेवटच्या रविवारी आम्ही ठाण्याहून आलो," मंदाकिनीबाई हळू आवाजात म्हणाल्या. "इथे खाली गाडी थांबवली. मी उतरायच्या आत यांनी आरसा वळवला. म्हणाले, मंदा, केसांत पान अडकलंय, राहू दे, छान दिसतंय. दुसऱ्या दिवशी छातीत कळ आली. परत गाडीला हात लावला नाही त्यांनी." त्या सलिलकडे बघत राहिल्या. "तुला त्रास होईल म्हणून मी कधी सांगितलं नाही. आणि मला त्रास होईल म्हणून तू विचारलं नाहीस. आणि तो थांबल्यावरचा आरसा घेऊन तू रस्त्याने फिरतोस? यांना कळलं असतं तर कान धरला असता तुझा!"

सलिल मटकन खुर्चीत बसला. दुधाची पिशवी कल्पिताने त्याच्या हातातून काढून घेतली, नाहीतर ती फुटली असती.

मग मंदाकिनीबाईच म्हणाल्या, "चला खाली." पायात चपला सरकवून त्या जिना उतरल्या आणि इतक्या वर्षांनी त्या सीटवर बसल्या, एका बाजूला पाय सोडून, जुन्या सवयीने. सलिल पुढे बसला. कल्पिताने डावा आरसा धरला आणि हळूहळू आत वळवू लागली.

"अजून... अजून थोडा... बस."

आरशात मंदाकिनीबाईंचा चेहरा आला. पुढे बसलेल्या सलिलला तो दिसला, आणि बाबा काय बघत असत ते त्याला पहिल्यांदा कळलं. वरच्या मजल्यावरून कुकरची शिट्टी झाली.

"बघितलंस?" मंदाकिनीबाई म्हणाल्या. "आता ही म्हणते तसे नवे आरसे लाव. हा जुना मला दे. केस विंचरायला खिडकीत लावीन."

नवा डावा आरसा त्याच दिवशी बसला. जुन्या दोन्हींपैकी एक खिडकीत गेला. दुसरा कल्पिताने दुकानात ठेवून घेतला, आणि सलिलने तो परत मागितला नाही.

त्यानंतर सलिलची गाडी वारंवार बिघडू लागली. आरशाची दांडी सैल झाली, आरसा थरथरतो, आरशावर धूळ बसते. धूळ पुसायला तो ऑफिसातून थेट मानपाडा रोडला यायचा. "काकू म्हणत होत्या..." असं म्हणून कल्पिताही टिळकनगरात जायची. देवराम पायरीवरून दोघांकडे बघायचा आणि विड्याचं पान चघळायचा.

एका रविवारी सलिल म्हणाला, "मागे कुणी बसलं की आरसे बरोबर दिसतात का, ते बघायला हवं ना?"

"हवंच. धंद्याचा नियम आहे."

"मग चल. ठाण्याला."

शिळफाटा, मुंब्र्याचा घाट, खारेगावची खाडी. हिवाळ्यातलं कोवळं ऊन खांद्यावर होतं. कल्पिताने एक हात सीटच्या कडीला धरला होता, दुसरा हात बराच वेळ कुठे ठेवावा हे ठरवत होता. आरसे उत्तम होते. डावीकडून येणारा टेम्पो त्याला वेळेवर दिसत होता, उजवीकडची बसही. तरी लेन बदलताना तो मान वळवून बघायचा, तिने शिकवल्यासारखा, आणि ती मनात म्हणायची, हा जपून नेईल.

ठाण्यात शिरल्यावर सगळ्या गाड्या पुलावर चढल्या. सलिलने मात्र गाडी खालून घेतली. तीन हात नाका. दिवा लाल.

गाडी थांबली. त्याने पाय टेकवला, डावा हात सोडला आणि आरसा आत वळवला.

कल्पिताला त्यात त्याचे डोळे दिसले, त्याला तिचे. हेल्मेटच्या काचेमागे लपायला जागा होती, पण तिने काच वर केली.

"कल्पिता," तो आरशातच बघत म्हणाला, "मी ही जागा आयुष्यभर रिकामी ठेवून फिरणार होतो. आता तू बसलीस, तर... उतरू नकोस. लग्न करशील माझ्याशी?"

वर्षानुवर्षं भाकरीचा रस्ता, विहीर, गेलेली शेतं एकटीनेच आठवत राहिलेली ती. आणि समोर, गेलेलं माणूस आरशात जपणारा हा. एवढं जपणाऱ्याच्या हाती आपलं सगळं सुरक्षित राहील, असं तिला अगदी आतून वाटलं.

दिवा हिरवा झाला. मागून हॉर्न सुरू झाले.

"आरसा बाहेर," ती कशीबशी म्हणाली.

"आधी उत्तर."

"आधी आरसा. काकू काय म्हणाल्या?"

त्याने निमूटपणे आरसा बाहेर वळवला. नाक्यावर वळसा घेऊन गाडी परतीला लागली. त्याचे खांदे थोडे खाली आलेले तिला मागून दिसले. पुढे नितीन कंपनीचा पूल होता. सगळ्या गाड्या त्याच्यावर चढत होत्या, सलिलनेही इंडिकेटर दिला.

तेव्हा इतका वेळ जागा शोधत असलेला तिचा हात त्याच्या खांद्यावर आला. ती पुढे झुकली आणि त्याच्या कानाशी म्हणाली,

"पुलावरून नको ना रे... खालून घे. तिथे पण सिग्नल आहे."